एकाच नाटकातली चार माणसं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा, ‘तू पेटी वाजवतोस, नाटकवेडा आहेस, वीस मिनिटं नाटकावर बोल,’ एवढंच सांगितलं. नाटकावर म्हणजे कशावर, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मग मीच ठरवलं, की आपण नववीत असताना गॅदरिंगला केलेल्या ‘सौभद्र’च्या एका प्रवेशापासून सुरुवात करायची. त्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये, गॅसबत्तीच्या उजेडात आपल्या वर्गातल्या एका मुलीनं नारद केला होता. हातात पुठ्ठ्याची वीणा, डोक्यावर सुतळीचा अंबाडा. तिनं पहिलं पद उचललं आणि मागं भेळेच्या गाडीपाशी उभी असलेली गावातली माणसं पुढं सरकली. तिचं नाव मी घेणार नाही. ती इथंच बसली आहे आणि आत्ताच डोळ्यांनी मला दटावते आहे.

तो प्रवेश आठवला, की मला दुसरी एक मुलगी आठवते. तीही शाळेत असतानाच ‘सौभद्र’मध्ये नारद झाली होती. फरक एवढाच, की ती पुण्याची होती, आणि तिच्या आईवडिलांची स्वतःची नाटक कंपनी होती. ती मुलगी म्हणजे कीर्ती शिलेदार. मी आज तिच्याबद्दल बोलणार आहे, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या काळाबद्दल. पुढचे मानसन्मान सगळ्यांना माहीत आहेत. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2018 साली मुलुंडला 98 वं नाट्यसंमेलन झालं त्याच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि 22 जानेवारी 2022 ला गेल्या. हे सगळं पेपरात येऊन गेलं. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. पन्नास-साठ-ऐंशी वर्षांपूर्वीची नाटकं पुन्हा उभी करायची, आणि त्यात एका कोवळ्या मुलीनं उभं राहायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

थोडं मागं जावं लागेल. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. कालिदासाचं संस्कृत नाटक, मराठीत, आणि पात्रं स्वतःच गाणारी. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. मग देवलांचं ‘मृच्छकटिक’ आणि 1899 मध्ये ‘शारदा’. 1911 ला खाडिलकरांचं ‘मानापमान’, 1916 ला ‘स्वयंवर’, 1919 ला गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. म्हणजे चाळीस वर्षांत सगळा खजिना जमला. त्यात शकुंतला, सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या बायका सगळ्या पुरुषांनी उभ्या केल्या. आधी भाऊराव कोल्हटकर, ज्यांना लोक प्रेमानं भावड्या म्हणायचे, आणि मग बालगंधर्व. मराठी बाईनं कसं चालावं, शालू कसा नेसावा, लाजावं कसं, हे एका पुरुषाला बघून बायका शिकल्या. आज हे ऐकून नातवंडं हसतात.

मग 1930 नंतर बोलपट आला आणि कंपन्यांचे तंबू एकेक करून उतरले. कर्ज वाढलं, पडदे विकले गेले. स्त्रियांच्या वेगळ्या नाटक मंडळ्या आधीही होत्या. पण स्त्री-पुरुषांनी एकत्र रंगभूमीवर येणं रुजलं ते याच सुमाराला. हिराबाई बडोदेकर आणि त्यांची भावंडं आली, 1933 ला ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आल्या. म्हणजे बाईला रंगभूमीवर जागा मिळाली, आणि नेमकी तेव्हाच रंगभूमीची दुकानदारी बसली.

अशा पडत्या काळात 1949 साली जयराम आणि जयमाला शिलेदारांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली. जयमालाबाई मूळच्या इंदूरच्या, माहेरच्या प्रमिला जाधव. बालगंधर्वांची गायकी त्यांनी मनापासून आत्मसात केली होती. जयरामपंतांना आपल्या वडीलधाऱ्यांनी पडद्यावर पाहिलेलं आहे. 1947 च्या ‘रामजोशी’ चित्रपटात रामजोशी तेच. सोलापूरचा ब्राह्मणाचा पोरगा तमाशाच्या फडावर जातो, त्याची ती गोष्ट. हे लक्षात ठेवा, मी या गोष्टीकडे परत येणार आहे.

या घरात 16 ऑगस्ट 1952 ला कीर्तीचा जन्म झाला. धाकटी-थोरली मिळून दोघी बहिणी, दुसरी लता, म्हणजे पुढच्या दीप्ती भोगले. आता कल्पना करा. आपल्या घरी सकाळी उठलं की गोठ्यात जायचं, धारा काढायच्या. या मुलींच्या घरी उठलं की पदं. ज्या वयात आपण पाढे पाठ केले त्या वयात त्यांनी ‘सौभद्र’ पाठ केलं. पाठ केलं असंही म्हणता येणार नाही. कानावर पडत गेलं. आपल्याला वासराचा हंबर कुठल्या गाईचा हे जसं कुणी शिकवलं नाही, तसंच.

आता मूळ मुद्दा. कीर्तीताईंनी ‘सौभद्र’मध्ये किती भूमिका केल्या? नारद, रुक्मिणी, सुभद्रा आणि कृष्ण. एका नाटकातली चार माणसं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नुसतं कौतुक वाटलं होतं. नंतर पेटीवर बसून त्या नाटकातली पदं एकामागून एक वाजवून बघितली, तेव्हा त्याचा अर्थ कळला.

नारद पहिल्याच अंकात येतो. अर्जुन तीर्थयात्रेला निघालेला, वाटेत नारद भेटतो आणि बातमी देतो, की सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय. बातमी देऊन नारद मोकळा. त्याला दुःख नाही, प्रेम नाही, काही गमवायचं नाही. त्यामुळं लहान मुलाला द्यायला ही सगळ्यांत चांगली भूमिका. स्वर स्वच्छ हवा, शब्द स्पष्ट हवा, तोंडावर हसू हवं. बस. पण त्या एका प्रवेशासाठी मूल रात्रभर विंगेत उभं राहतं. विंगेत उभं राहून ते काय बघतं? आईला बघतं. सुभद्रा ज्या वेळी सगळ्यांवर चिडलेली आहे, ज्या दादावर जीव टाकला तो बळराम तिला दुर्योधनाच्या गळ्यात बांधायला निघालाय, तेव्हा तिचा आवाज कुठं जाड होतो, कुठं फुटतो, पदाच्या कुठल्या ओळीनंतर प्रेक्षक ‘वन्समोअर’ ओरडतो आणि त्या वन्समोअरला पुन्हा तेच पद गाताना नवीन काय काढायचं, हे सगळं ते मूल बघतं. म्हणजे नारदाची भूमिका ही खरं तर सुभद्रेच्या तालमीला बसायची परवानगी होती.

मग रुक्मिणी. ही सुभद्रेची वहिनी. कृष्णाचा मस्करीचा स्वभाव तिला ठाऊक, तरी रुसते. इथं गाण्यापेक्षा बोलण्याचा ठेका महत्त्वाचा. नंतर सुभद्रा, म्हणजे नाटकाचा कणा. आणि कृष्ण? कृष्ण हा त्या नाटकाचा सूत्र हलवणारा माणूस. संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाला बळरामाच्या घरी आणून बसवणारा, आणि भोळ्या बळरामाकडूनच सुभद्रेला त्या संन्याशाच्या सेवेला लावणारा. सगळ्यांचं गुपित एकट्या त्याला माहीत. जिनं नारद केला, रुक्मिणी केली, सुभद्रा केली, तिला कृष्ण करताना वेगळं काय शिकावं लागलं असेल? सगळ्यांच्या जागा आधीच ठाऊक. आणि ज्या रंगभूमीवर पुरुषांनी बायका केल्या, तिथं एका बाईनं पुरुष केला. हिशेब फिटला म्हणा.

पण जुनं नाटक पुन्हा करण्यात एक मोठी अडचण आहे, आणि तरुण नटीला ती सगळ्यांत जास्त भोवते. नव्या नाटकात भूमिका कोरी असते. तुम्ही जे कराल ते पहिलं. इथं तसं नाही. पहिल्या तीन रांगांत पांढऱ्या केसांची माणसं बसलेली असायची, ज्यांनी खुद्द बालगंधर्व ऐकले होते. बालगंधर्व 1967 साली वारले, म्हणजे कीर्तीताई तेव्हा पंधराही पूर्ण नव्हत्या. त्या माणसांच्या कानात त्या पदाची एक आवृत्ती पक्की बसलेली. तुम्ही तशीच गायलात तर म्हणणार, नक्कल आहे. वेगळी गायलात तर म्हणणार, बिघडवलं. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा असे म्हातारे शेजारी बसलेले अनुभवले आहेत. पद संपायच्या आधी मान हलवून निकाल द्यायचे.

त्यात आवाजाचा प्रश्न. ही पदं पुरुषाच्या गळ्यासाठी बांधलेली. बाईच्या गळ्याचा सूर वेगळा, वरचा. पट्टी बदलली की पदाचा रंगच बदलतो. खालच्या स्वरात जे आर्जव वाटतं ते वर गेलं की आक्रोश वाटायला लागतं. मग आर्जव राखायचं तर गळा मऊ ठेवायला लागतो. ज्यांनी पेटी नुसती लग्नात ऐकली आहे त्यांना हे पटणार नाही. पण खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसा, मी दाखवतो.

शिवाय वेळ. जुन्या ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं. त्या काळी नाटक रात्रभर चालायचं. साठ-सत्तरच्या दशकातला प्रेक्षक शेवटची बस पकडणारा. नाटक तीन-साडेतीन तासांत संपवायचं. म्हणजे कात्री लावायची. कुठलं पद ठेवायचं, कुठलं गाळायचं, आणि गाळलेल्या पदाचा अर्थ दोन वाक्यांत गद्यात कसा आणायचा? हे काम कुणाला दिसत नाही. पण जुनं नाटक जिवंत राहिलं ते असं कापूनच राहिलं. आपल्याकडं द्राक्षाची छाटणी चुकली तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता ‘एकच प्याला’कडे बघा. सिंधूची भूमिका त्यांनी केली. नवरा दारूत बुडालाय, भरलेलं घर रिकामं झालंय, ती दळण दळते आणि मांडीवरच्या पोराशी बोलते. एका तरुण मुलीनं हे सगळं कुठून आणायचं? माझं मत विचाराल तर सिंधूचं सोसणं मला नेहमीच जड गेलंय. आपल्या तालुक्यात दारूनं उठलेली घरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. तिथली बाई सिंधूसारखी गात नाही, ती सकाळी सातला कांद्याच्या खुरपणीला जाते. 1970 च्या पुढं बायका शिकत होत्या, नोकरी करत होत्या, आणि रंगभूमीवर सिंधू नवऱ्याच्या लाथा सोसत होती. मग हे नाटक का करायचं? मला वाटतं, करणाऱ्याला त्याचं उत्तर सिंधूच्या सोशिकपणात शोधता येत नाही, गाण्यातच शोधावं लागतं. ते गाणं इतकं खरं असलं पाहिजे, की ऐकणाऱ्याला सुधाकराचा राग यावा, सिंधूची कीव नव्हे. कीव आली तर नाटक जुनं झालं. हे माझं मत, कुणाला पटलं नाही तर जेवताना भांडू.

भामिनी, वसंतसेना, शकुंतला, ‘संशयकल्लोळ’मधली रेवती, कान्होपात्रा, या सगळ्या भूमिका त्यांच्या यादीत आहेत. प्रत्येकीवर बोलत बसलो तर जेवण थंड होईल. पण एका नाटकावर मला बोलायचंच आहे, कारण ते आपल्या मातीला लागतं.

विद्याधर गोखल्यांचं ‘स्वरसम्राज्ञी’. संगीत नीलकंठबुवा अभ्यंकरांचं. कीर्तीताईंचे ते गाण्यातले गुरू, म्हणजे शिष्येचा गळा कुठं जातो ते ठाऊक असलेल्या माणसानं चाली बांधल्या. हे नाटक जुन्या खजिन्यातलं नव्हे, त्यांच्यासमोर नवं आलेलं. गोष्ट शॉच्या ‘पिग्मॅलियन’च्या वळणाची, ज्यावरून पु. लं. नी ‘ती फुलराणी’ केलं. फक्त इथं भाषा सुधारायची नाही, गाणं सुधारायचं. तमाशात गाणारी मैना, तिला एक गवई शास्त्रीय गायन शिकवतो आणि ती मैफलीची गायिका होते. कीर्तीताईंची ही भूमिका गाजली, आणि गाजायलाच हवी होती. एकाच गळ्यातून आधी लावणीचा ठसका आणि मग ख्यालाची बढत. जुन्या नाटकांत जी तयारी झाली होती, ती इथं पहिल्यांदा कुणाच्याही आठवणीशी तुलना न होता लोकांनी ऐकली. पहिल्या तीन रांगांतल्या म्हाताऱ्यांना या वेळी मान हलवायला आधार नव्हता.

पण मी नारायणगावच्या बाजूचा माणूस. मला हे नाटक बघताना खुर्चीत नीट बसवलं नाही. पाडव्याला आपल्याकडं तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, ते बघत आपण मोठे झालो. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड याच गावचा, विठाबाई इथल्याच. 1935 चा जन्म, लहानपणापासून फडावर. बाप आणि चुलता फडाचे मालक. त्यांना कुणी पदार्पण विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या. कीर्तीताई विंगेत वाढल्या, विठाबाई राहुटीत. दोघींनी आपापल्या घरातली जुनी कला उचलली. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळाला, 1957 ला आणि 1990 ला, आणि तरी अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली.

आता जयरामपंतांचा रामजोशी आठवा. बापाच्या चित्रपटात ब्राह्मण तमाशात उतरतो, लेकीच्या नाटकात तमाशातली बाई मैफलीत चढते. उतरतो आणि चढते, हे शब्द माझे नाहीत, आपण सगळे तसंच बोलतो. एकाच घरातली दोन कामं, आणि दोन्ही या एकाच जिन्यावर. मला आजही विचारावंसं वाटतं, की मैनेला ‘सुधारायचं’ का? लावणी तिला नीट येत होती! हा प्रश्न मी कीर्तीताईंच्या गाण्यावर घेत नाही. त्यांनी दोन्ही बाजू सारख्याच जिवानं गायल्या, म्हणूनच तर मला हा प्रश्न पडला. गायिका कच्ची असती तर लावणी नुसती पहिली पायरी वाटली असती. लावणी पायरी वाटली नाही, हे त्यांचं यश आणि नाटककाराची पंचाईत.

परत आपल्या शेडमध्ये येतो. आपल्या नारदाचा गळा त्या रात्री कसा होता, हे इथल्या पन्नासेक माणसांनी ऐकलंय. आमचे गाण्याचे गुरुजी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले होते, पुण्याला शिकायला पाठवा म्हणून सांगायला. मी पेटी धरून सोबत होतो, म्हणून मला माहीत आहे. घरच्यांनी चहा दिला, आदरानं बोलले, आणि म्हणाले, ‘गुरुजी, पोरगी गाऊन काय करणार?’ ते वाईट लोक नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या ओळखीत गाऊन पोट भरणारी बाई होती ती फक्त फडावर, आणि फडावर मुलगी पाठवायची नव्हती. नाट्यगृह, कंपनी, विंग यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. गुरुजी त्यानंतर गॅदरिंगला ‘सौभद्र’ कधी बसवलं नाही.

मी बराच काळ त्या घरावर रागावलो होतो. शिलेदारांबद्दल जसजसं वाचत गेलो तसा राग वेगळीकडं वळला. नारद करण्याइतका गळा दर दोन-चार गावांत एखादा असतो. नारदानंतर विंगेत उभं राहून सुभद्रा बघायला मिळणं, हे मात्र शिलेदारांच्या घरी होतं, फडावर होतं, आणि आपल्या शेडमध्ये नव्हतं. आपला पडदा पडला की विंग पण संपली. दुसऱ्या दिवशी तिथं सातवीचा वर्ग भरला.

मगाशी मी तिला विचारलं, अजून गातेस का? म्हणाली, ‘भजनाला, एकादशीला.’ तिची सून शेजारी होती, ती म्हणाली, ‘आत्या रोज सकाळी गातात, दूध तापेपर्यंत.’

मित्रहो, संयोजकांनी संध्याकाळच्या कार्यक्रमात शेवटचा एक क्रमांक रिकामा ठेवलाय. मी पेटी आणली आहे, गाडीतच आहे. तबला ओतूरच्या मित्रानं आणलाय. पुठ्ठ्याची वीणा मात्र कुणी बनवली नाही, ती लागणारही नाही. पट्टी कुठली धरायची ते तिनं मला जेवणाआधी सांगावं, म्हणजे मी दुपारी थोडा हात फिरवून ठेवतो.